हिलशेड बिघडलं की कुठून बघायला सुरुवात करायची? कोकणाचे नकाशे करणाऱ्यांसाठी

दापोली तालुक्यातल्या एका वाडीसाठी पावसाळ्याआधी नकाशा करत होतो. घरं, विहिरी, पायवाटा, वरच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून उतरणारे पऱ्ये (ओढे), आणि या सगळ्याखाली कल्पित उजेड-सावलीने डोंगराचा उठाव दाखवणारं हिलशेड. छापील कागद देवळाच्या पडवीत पसरला, तेव्हा एका आजोबांनी पऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "पाणी असं धारेवरून कसं जाईल? आमचा पऱ्या घळीतून येतो." त्यांचं बरोबर होतं. उजेडाची दिशा उलटी पडली होती, म्हणून घळी उंचवट्यासारख्या आणि डोंगराच्या धारा खोलगट दिसत होत्या. आकडे सगळे बरोबर आणि नकाशा मात्र साफ खोटा.

तेव्हापासून हिलशेडकडे मी सजावट म्हणून बघत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला. त्यानंतर कोकणातल्या कितीतरी वाड्यांमध्ये लोक नकाशा बघून 'आपल्या डोक्यावर काय आहे' हे समजून घ्यायला लागले आहेत. त्यांच्या हातात जाणारा डोंगर डोंगरासारखाच दिसला पाहिजे.

पुढचं सगळं क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर धरून लिहिलं आहे, कारण ते फुकट आहे आणि आपल्याकडे तेच जास्त चालतं. कारणं मात्र कुठल्याही नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच असतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी उंचीची फाईल, मग एककं, मग प्रक्षेपण, मग जोड, आणि शेवटी रंग-उजेड. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात, रंगांची बटणं फिरवत बसतात आणि चूक असते खालच्या फाईलमध्ये.

पहिली पायरी: उंचीचे आकडे वाचा

हिलशेड बंद करा. उंचीची फाईल, म्हणजे डीईएम, साध्या करड्या रंगात ठेवा आणि 'आयडेंटिफाय' हे बटण घेऊन ओळखीच्या चार-पाच जागांवर टिचकी मारा. समुद्रात एक, किनाऱ्याच्या पुळणीवर एक, गावाच्या सड्यावर एक, आणि उंची पक्की ठाऊक असलेल्या एखाद्या गडावर एक. रायगडाचा माथा सुमारे ८२० मीटर आहे. तिथे आठशेच्या आसपास आकडा आला तर फाईल बहुधा ठीक. ८ आला, २७०० आला किंवा काहीच आलं नाही, तर रंगांना हात लावू नका. २७०० म्हणजे उंची फुटांत आहे.

इथे कोकणात हमखास चकवणारी एक गोष्ट सांगून ठेवतो. इस्रोच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला कार्टोडेम हा डीईएम इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरून उतरवला, तर किनाऱ्यालगतची गावं उणे साठ, उणे पासष्ट अशा उंचीवर दिसतात. फाईल खराब नाही. त्यातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसून पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलापासून मोजलेली आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी त्या लंबगोलाच्या साठ मीटरहूनही खाली आहे. हिलशेडला याने काही फरक पडत नाही, कारण ते शेजारच्या दोन चौकटींमधला (पिक्सेलमधला) चढ-उतार बघतं, मूळ आकडा बघत नाही. पण हिलशेडवर उंचीप्रमाणे रंग चढवताना 'शून्याच्या खाली निळा' असा नियम लावलात, तर अख्खी किनारपट्टी बुडते. ती दुरुस्ती रंगांच्या नियमात किंवा उंची समुद्रसपाटीला आणून करायची.

दुसरी पायरी: एककं

जमिनीवर काळेपांढरे ठिपके, जणू तांदळात तीळ सांडलेत, आणि समुद्र मात्र गुळगुळीत करडा, असं चित्र दिसलं की दहातले आठ वेळा कारण एकच. फाईल अंशांमध्ये आहे आणि उंची मीटरमध्ये.

संगणकाच्या बाजूने बघा. तीस मीटरची एक चौकट अंशांमध्ये ०.०००२८ एवढी भरते. शेजारची चौकट दहा मीटर उंच आहे. संगणकाला दिसतं ते असं: ०.०००२८ चालायचं आणि १० चढायचं. म्हणजे जवळपास उभा कडा. त्याला प्रत्येक बांध कोकणकड्यासारखा वाटतो. समुद्र सपाट म्हणून तेवढा वाचतो.

यावर दोन उपाय आहेत. झटपट उपाय झेड फॅक्टर, म्हणजे उंचीला ज्याने गुणलं जातं तो आकडा, बदलण्याचा. लेयरच्या सिम्बॉलॉजीत हिलशेड निवडलं असेल तर झेड फॅक्टर १ च्या जागी ०.०००००९ लिहा. 'रास्टर' मेनूतल्या 'अ‍ॅनालिसिस'मधलं हिलशेड वापरत असाल, तर झेड फॅक्टर १ च राहू द्या आणि 'स्केल'च्या रकान्यात ११११२० लिहा. एका अंशात अंदाजे तेवढे मीटर असतात. तेवढ्याने चित्र लगेच सुधारतं.

पण हे जुगाडच. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटरचा, आणि रेखांशाचा अंश १७ अक्षांशावर, म्हणजे रत्नागिरीच्या पट्ट्यात, १०६ किलोमीटरच्या आसपास. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण उतारांना वेगळं माप लागतं. डोळ्यांना ते कळणार नाही, पण याच फाईलवरून पुढे उताराचे अंश काढायचे असतील तर चूक तिथे पोचते. म्हणून पक्का उपाय म्हणजे फाईल मीटरच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीत) बदलून घेणं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचं अख्खं कोकण ७२ ते ७८ पूर्व रेखांशांमध्ये, यूटीएम या मीटरमधल्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर या एकाच पट्ट्यात बसतं. सॉफ्टवेअरमध्ये त्या प्रक्षेपणाचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३.

इथे एक गैरसमज फार आढळतो. "मी प्रोजेक्टचं प्रक्षेपण ३२६४३ केलं, तरी ठिपके जात नाहीत." जाणार नाहीत. प्रोजेक्टचं प्रक्षेपण फक्त पडद्यावर दाखवण्यापुरतं असतं. छायेचं गणित लेयरच्या मूळ एककांतच होतं आणि मग चित्र वळवलं जातं. फाईलच बदलावी लागते.

तिसरी पायरी: प्रक्षेपण बदलताना

बदलायचं 'रास्टर', 'प्रोजेक्शन्स', 'वॉर्प' या वाटेने. एकाहून जास्त फाईली असतील तर आधी चौथ्या पायरीतली जोडणी करा, मग इथे या. या खिडकीत एक जागा अशी आहे की तिथे न बघता 'रन' दाबलं तर नवा आजार जडतो. 'रिसॅम्पलिंग मेथड', म्हणजे नव्या चौकटींत आकडे कसे भरायचे ती रीत, आपोआप 'निअरेस्ट नेबर' असतं. जमीन-वापराच्या नकाशाला ते योग्य आहे. भातशेती आणि आंब्याची बाग यांची सरासरी काढता येत नाही. पण उंचीची सरासरी काढता येते, काढलीच पाहिजे. निअरेस्टमध्ये ठरावीक अंतरावर एखादी ओळ दोनदा येते किंवा गळते. साध्या करड्या चित्रात ते दिसत नाही. हिलशेडमध्ये मात्र सगळ्या डोंगरांवर कापडाच्या विणीसारख्या आडव्या-उभ्या रेघा उमटतात. 'बायलिनिअर' किंवा 'क्युबिक' निवडा. रेघा आधीच आलेल्या असतील तर वॉर्प केलेली फाईल टाकून द्या आणि मूळ फाईलपासून पुन्हा करा. त्या रेघा नंतर पुसट करत बसू नका, त्यांच्याबरोबर घळीही पुसल्या जातात.

त्याच खिडकीत 'नोडेटा'साठी, म्हणजे 'इथे माहिती नाही' याची खूण म्हणून, उणे ९९९९ लिहा. प्रक्षेपण बदलताना चौकोन जरासा तिरपा होतो आणि कडेला पाचरीसारख्या रिकाम्या जागा उरतात. तिथे शून्य भरलं गेलं तर पश्चिमेला समुद्राच्या बाजूने काहीच जाणवत नाही. पूर्वेला घाटमाथ्यावर मात्र सातशे मीटरवरून थेट शून्यावर पडणारा खोटा कडा उभा राहतो, आणि सह्याद्रीच्या खऱ्या कड्यांशेजारी तो इतका बेमालूम दिसतो की नवख्याला संशयच येत नाही. रिझोल्यूशन ३० मीटर द्या. १० लिहिल्याने माहिती वाढत नाही, नुसती फाईल फुगते.

चौथी पायरी: जोड

नकाशावरून सरळ रेघ जाते, अगदी फूटपट्टीने मारल्यासारखी, तेव्हा ती निसर्गाची नसते. उंचीच्या फाईली एकेका अंशाच्या चौकोनात येतात आणि नाव खालच्या-डाव्या कोपऱ्यावरून पडतं. 'एन१७ई०७३' म्हणजे १७ ते १८ उत्तर, ७३ ते ७४ पूर्व. आता आपला किनारा बघा. १७ ची रेघ रत्नागिरी शहराला लागून जाते. शहर एका फाईलमध्ये, गणपतीपुळे वरच्या फाईलमध्ये. सावित्रीच्या मुखाशी तर आणखी कठीण. १८ अक्षांश आणि ७३ रेखांश एकमेकांना छेदतात ते हरिहरेश्वरजवळच्या समुद्रात. म्हणजे बाणकोट खाडीच्या परिसराचा नकाशा करायचा तर चार चौकोनांचा कोपराच मधे येतो.

प्रत्येक चौकोनाचं हिलशेड वेगळं काढून मग जोडलं, तर जोडावर एका चौकटीची रिकामी रेघ राहते. छाया काढायला सभोवतालच्या आठ चौकटी लागतात आणि कडेच्या चौकटीला तेवढे शेजारी नसतात. 'कॉम्प्युट एजेस'वर खूण केली तर रेघ भरते, पण अंदाजाने. बरोबर रीत म्हणजे आधी उंची जोडायची, मग छाया काढायची. 'रास्टर', 'मिसलेनिअस', 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर' इथे सगळे चौकोन निवडा आणि 'प्लेस ईच इनपुट फाईल इन्टू अ सेपरेट बँड' या ओळीपुढची खूण काढा. ती आपोआप केलेली असते. राहिली तर प्रत्येक चौकोन वेगळ्या थरात जातो, पडद्यावर एकच दिसतो, आणि माणूस बाकीच्या फाईली खराब समजून पुन्हा उतरवत बसतो. जोडून झालं की त्या एका फाईलवर वॉर्प, आणि सगळ्यात शेवटी हिलशेड.

दोन वेगळ्या स्रोतांचे चौकोन एकमेकांना जोडू नका. एक समुद्रसपाटीपासून आणि दुसरा लंबगोलापासून मोजलेला असेल तर जोडावर साठ-सत्तर मीटरची भिंत उभी राहते.

खड्डे आणि फुगवटे

घाटाच्या उभ्या कड्यांत मधेच काळेपांढरे, खोल खड्ड्यासारखे डाग दिसले तर तिथे माहितीच नाही. एसआरटीएम या सर्रास वापरल्या जाणाऱ्या उंचीच्या फाईलींची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानातून रडारने, ११ दिवसांच्या मोहिमेत झाली. रडार तिरकं बघतं. उभ्या कड्याच्या सावलीत त्याला काही दिसत नाही, आणि जुन्या आवृत्त्यांत तिथे उणे ३२७६८ लिहिलेलं असतं. तो आकडा 'नोडेटा' म्हणून जाहीर न करता छाया काढली की संगणक बत्तीस हजार मीटर खोल दरी रंगवतो. लेयरच्या 'ट्रान्सपरन्सी'मध्ये तो आकडा टाकून बघा. डाग पारदर्शक झाले तर निदान पक्कं. मग 'फिल नोडेटा'ने भरा, किंवा सरळ पोकळ्या भरलेली तिसरी आवृत्ती घ्या. मी तरी आता नवीन कामाला कोपर्निकस या युरोपीय डीईएमची ३० मीटरची फाईलच घेतो.

त्यामागे सड्याचं कारण आहे. एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये असते, ५७ नाहीतर ५८, मधलं काही नाही. घाटात याने बिघडत नाही. पण आपला जांभ्याचा सडा किलोमीटरभर चाललं तरी दोन-चार मीटरच चढतो. तिथे पूर्ण आकड्यांमुळे एकेक मीटरच्या पायऱ्या पडतात आणि हिलशेडमध्ये सडा भातखाचरांसारखा दिसतो. कोपर्निकसमध्ये दशांशातली उंची असल्याने सडा सड्यासारखा राहतो.

पण कोपर्निकस काय किंवा एसआरटीएम काय, दोन्ही जमिनीची उंची देत नाहीत, वरून जे दिसतं त्याची देतात. खाडीकाठचं कांदळवन म्हणूनच खाजणापेक्षा उंच, टेकाडासारखं दिसतं. दाट झाडीच्या देवराईचा फुगवटा येतो. ही दाखवण्यातली चूक नाही आणि कुठलंही बटण ती घालवणार नाही. नकाशाच्या कोपऱ्यात तसं स्पष्ट लिहावं. खाडीच्या पुराचा अंदाज बांधणाऱ्याने कांदळवनाला बांध समजू नये, एवढ्यासाठी तरी.

आता उजेड

वरचं सगळं ठीक असेल तरच इथे या. अझिमुथ ३१५ आणि अल्टिट्यूड ४५ हे नेहमीचे आकडे आहेत. वायव्येकडून उजेड, क्षितिजावर पंचेचाळीस अंश. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दुपारी दक्षिणेकडे असतो, म्हणून काही जण 'खऱ्या सूर्याप्रमाणे' १३५ करतात. करू नका. उजेड वरून, डावीकडून पडतो असं आपला डोळा धरून चालतो. तो खालून आला की खोलगट ते उंच वाटतं. दापोलीच्या नकाशात नेमकं हेच झालं होतं. संशय आला तर ओळखीच्या पऱ्याची निळी रेघ वर टाकून बघा. रेघ धारेवरून चालताना दिसली आणि कागद उलटा धरल्यावर घळीत उतरली, तर अझिमुथ उलटा आहे.

कागद कसाही धरला तरी रेघ घळीच्या शेजारून, सारख्याच अंतराने सरकलेली दिसत असेल तर दोष उजेडाचा नाही. बहुतेक वेळा ती जुन्या टोपोशीटवरून गिरवलेली असते. जुनी शीटं एव्हरेस्ट लंबगोलावर आहेत. ती थेट डब्ल्यूजीएस ८४ म्हणून बसवली की आपल्या भागात शंभर मीटरच्या घरात फरक पडतो. शीटच नीट बसवा.

वायव्येच्या उजेडाची एक अडचण कोकणात जाणवते. ज्या धारा वायव्य-आग्नेय धावतात, त्यांच्या दोन्ही अंगांना सारखाच उजेड मिळतो आणि त्या चपट्या होऊन जातात. 'मल्टिडायरेक्शनल'वर खूण केली की अनेक दिशांचा उजेड मिसळतो आणि त्या धारा परत दिसू लागतात, पण कड्यांचा जोर थोडा उतरतो. गावपातळीच्या नकाशाला मी मल्टिडायरेक्शनल ठेवतो. जिल्ह्याच्या नकाशात सह्याद्रीची भिंत उठून दिसायला हवी असते, तिथे एकच दिशा. फक्त सड्यांचा नकाशा असेल तर अल्टिट्यूड २५-३० पर्यंत उतरवा आणि झेड फॅक्टर २ किंवा ३ करा. सड्याच्या कडा छान उमटतात. तेच आकडे घाटाला लावले तर काळा चिखल होतो.

समुद्र मळका का दिसतो

हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसालाच पडतो, कारण आपल्या निम्म्या नकाशात समुद्रच असतो. सपाट जागेला हिलशेडमध्ये पांढरा रंग मिळत नाही. अल्टिट्यूड ४५ असताना तिची किंमत २५५ पैकी १८१ च्या आसपास येते, म्हणजे मध्यम करडा. हिलशेड 'मल्टिप्लाय' या ब्लेंडिंग मोडने रंगीत नकाशावर टाकलं की सगळे सपाट भाग जवळजवळ तीस टक्के काळवंडतात. समुद्र, खाजण, मळे, सगळेच.

शून्य उंचीला नोडेटा करून समुद्र काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. कोकणात तो घातक आहे. खाडीकाठच्या खाजणांची उंची पूर्ण मीटरच्या फाईलमध्ये बऱ्याचदा शून्यच असते. समुद्राबरोबर ती जमीनही गायब होईल. त्यापेक्षा किनारा आणि खाड्यांचा पॉलिगॉन हिलशेडच्या वर ठेवा, साध्या निळ्या रंगात, 'नॉर्मल' मोडमध्ये. जमिनीसाठी हिलशेडच्या फाईलचा 'मॅक्स' आकडा २०० च्या आसपास आणा आणि 'मिन' ६० ते ९० मध्ये डोळ्याने ठरवा. हे आकडे हातानेच टाका. 'स्टॅटिस्टिक्स एक्स्टेंट' जर 'अपडेटेड कॅनव्हास'वर राहिलं, तर नकाशा समुद्राकडे सरकवला की डोंगर एका छटेत आणि घाटाकडे सरकवला की दुसऱ्या छटेत दिसतात.

हिलशेडखालचा रंगीत नकाशा अजिबातच दिसत नसेल तर ब्लेंडिंग मोड 'नॉर्मल'वर राहिला आहे. हिलशेडच दिसत नसेल तर ते कुठल्या तरी अपारदर्शक लेयरखाली गेलं आहे. याला पाच सेकंद लागतात.

जवळ गेल्यावर चौकटी, छापल्यावर वेगळंच

वाडीपर्यंत झूम केलं की डोंगर जाळीदार दिसतो. संगणक तीच चौकट अनेकदा ताणून दाखवतो. चौकटीच्या आत सपाट, कडेला एकदम उडी, आणि ती उडी हिलशेडला कडा वाटते. सिम्बॉलॉजीच्या तळाशी 'रिसॅम्पलिंग' आहे. 'झूम्ड इन'ला बायलिनिअर किंवा क्युबिक करा आणि 'अर्ली रिसॅम्पलिंग'वर खूण करा. ३.१६ पासूनच्या आवृत्तीत ही सोय आहे. खूण नसेल तर आधी छाया काढली जाते आणि मग जाळीच गुळगुळीत केली जाते. काही उपयोग होत नाही.

पडद्यावरचं आणि छापलेलं हिलशेड वेगळं येतं त्याचं कारणही जवळचंच. सिम्बॉलॉजीतलं हिलशेड दर वेळी त्या क्षणाच्या रिझोल्यूशनवर नव्याने मोजलं जातं. ३०० डीपीआयला छापताना ते पुन्हा मोजलं जातं आणि छटा बदलतात. छापायचा नकाशा असेल तर 'अ‍ॅनालिसिस'मधून हिलशेडची वेगळी फाईल तयार करून तीच लावा.

हे सगळं करूनही वाडीमागची एखादी घळ नकाशात उमटत नाही, असं होतं. वीस मीटर रुंदीची घळ तीस मीटरच्या चौकटीत मावून नाहीशी होते. सड्यावरची कातळशिल्पंही याच कारणाने दिसणार नाहीत. अशा वेळी मी नकाशा छापण्याआधी वाडीतल्या दोघा-तिघांबरोबर डोंगर चढतो, पावसात पाणी कुठून येतं ते विचारतो, मोबाईलच्या जीपीएसवर खुणा घेतो आणि ती घळ तुटक रेघेने हाताने काढतो. दापोलीच्या त्या वाडीत पहिली रेघ आजोबांनीच दाखवली. नव्या कागदावर ती त्यांच्या घराच्या पाठीमागून, बरोबर घळीतून उतरते.